मावशीचा वर्ग

माझं शिक्षण चौथी पास. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कोणाला फसल्यासारखं वाटायला नको. या अंकाच्या संपादक बाई आमच्याच अध्यापक विद्यालयातून शिकून गेल्या. त्यांचा निरोप आला की, मावशी, चांगला शिक्षक कसा असतो ते तुम्ही लिहा. तुम्ही जेवढे पाहिले तेवढे कोणी पाहिले नाहीत. गोष्ट खरी आहे. वर्ध्याजवळच्या त्या विद्यालयात मी वीस वर्षांच्या वर शिपाईण होते. घंटा मी द्यायची, फळा मी पुसायची, नकाशे मी काढून द्यायची. मास्तर होऊ पाहणाऱ्या पोरापोरींची नवी खेप दर वर्षी यायची आणि त्यांचे पाठ चालू असताना मी दाराशी स्टुलावर बसायची. प्राचार्य बदलले. स्टूल तेच राहिलं.

बाहेरच्या माणसाला हा धंदा ठाऊक नसतो म्हणून थोडं सांगते. मास्तर व्हायला दोन वर्षं शिकावं लागे. पुस्तकाची परीक्षा वेगळी आणि हाताची वेगळी. हाताची म्हणजे खऱ्या वर्गात खऱ्या मुलांना शिकवून दाखवायचं. त्यासाठी आमच्या आवारातच पहिली ते चौथीची शाळा होती. पाठाचं टाचण आधी लिहायचं, सरांकडून तपासून घ्यायचं, मग पस्तीस मिनिटं शिकवायचं. मागे खुर्चीवर बसून सर वहीत चुका लिहीत. हे सराव पाठ. वर्षाच्या शेवटी बाहेरगावचे परीक्षक येत, तो वार्षिक पाठ. तो बिघडला की वर्ष बिघडलं.

आमच्या शाळेतली मुलं या खेळात मास्तरांपेक्षा पक्की झाली होती. एकच पाठ वर्षात सात-आठ जणांच्या तोंडून ऐकलेला असे. एकदा हिंगणघाटकडच्या एका मुलाने पहिलाच प्रश्न विचारला आणि पुढच्या रांगेतल्या पोराने थेट शेवटचं उत्तर दिलं. हा घाबरून म्हणाला, "थांब, थांब, ते अजून यायचं आहे!" दुसरा एक जण पुढचं विसरून खांबासारखा उभा राहिला, तेव्हा तिसरीतली पोरगी हळूच म्हणाली, "सर, आता चित्र." त्याने चित्र काढलं. एका मुलीने पक्ष्यांच्या पाठासाठी घरून जिवंत कोंबडी आणली. कोंबडी सुटली आणि मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, खोलीत जाऊन हजेरीपट घाण करून आली. त्या मुलीला 'साधनांचा वापर' या रकान्यात पूर्ण गुण मिळाले. कोंबडी मी पकडली, पण माझा रकाना नव्हता.

मला मास्तर ओळखायला टाचण लागत नसे. मी फळा पुसताना बघायची. कोणी असा पुसतो की सगळी खडूची धूळ पुढच्या पोरांच्या तोंडावर जाते आणि त्याला पत्ता नसतो. कोणी आधी पोरांना म्हणतो, "जरा मागे सरका रे." बस, एवढ्यात कळतं. देवळीकडचा एक मुलगा होता, गोरापान, आवाज असा की पहिलीतलं रडतं पोरही गप्प व्हावं. त्या वर्षी तो पहिला आला. पण वर्गात फिरताना तो पोरांच्या पाट्यांवर पाय देऊन जायचा. एकदा पाटी फुटली. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही, वाक्य पूर्ण केलं. पुढे तो मोठा हेडमास्तर झाला असं ऐकलं. झाला असेल. मी फुटलेली पाटी झाडून टाकली, मला तेवढंच आठवतं.

मारणारे होते, घाबरणारे होते. एक जण तर 'प्रिय मुलांनो' म्हणून चक्कर येऊन पडला. त्यांच्या गमती सांगत बसले तर अंक भरेल. पण मी लिहायला बसले ते वेगळ्या गोष्टीसाठी.

वार्षिक पाठाला वर्गात कोणती मुलं बसवायची हे आधीच ठरे. परीक्षक पोरांना उठवून वाचायला सांगत, गणित घालत. एखादं पोर गप्प राहिलं की शिकवणाऱ्याचे गुण जात. म्हणून ज्यांना येत नाही ती पोरं त्या दिवशी वर्गात ठेवायची नाहीत, असा आमच्याकडे रिवाज होता. घरी धाडली तर आयाबाया विचारायला येत. तेव्हा ती माझ्याकडे देत. "तिसरीत किती?" "चौतीस. सहा मावशीच्या वर्गात." मास्तर लोक हसून बोलत. पुढे नवीन आलेली पोरंसुद्धा पहिल्याच आठवड्यात विचारू लागली, "मावशी, तुमच्या वर्गात कोण कोण?"

माझा वर्ग म्हणजे मागची पडवी. तिथे सुकडीची पोती, सरपण आणि पाण्याचा रांजण. सुकडी म्हणजे शाळेत वाटायचा गोड भाजका भरडा. मी पोरांना वर्गात बसायच्या टाटपट्ट्या झटकायला लावायची, मग मूठमूठ सुकडी द्यायची, मग हात-तोंड धुवायला लावायची. हात-तोंड धुवायची शिस्त मीच लावली होती. पोरांना तो दिवस आवडायचा. मलाही काही वाटत नसे. कोणी वाईट नव्हतं. शिकणाऱ्याला पास व्हायचं होतं, सरांना निकाल दाखवायचा होता, मला नोकरी टिकवायची होती.

मंदा नावाची पोरगी तिसरीत होती. तिला बाप नव्हता. आई कौसा जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायला जायची. मंदाची पाटी बघवत नसे. फळ्यावरचं एक अक्षर धड उतरत नसे, ओळ कुठून सुरू होऊन कुठे जाई ते तिलाही कळत नसे. म्हणून ती ढ, आणि प्रत्येक वार्षिक पाठाला माझ्या वर्गात पहिली. पण पडवीत सरपण रचता रचता मी तोंडी गणितं घालायची, तेव्हा बाकीच्यांची बोटं मोजून होण्याआधी हिचं उत्तर आलेलं असायचं. कविता एकदा ऐकली की पाठ.

आणखी एक मला दिसलं होतं. रांजणाकडे जाताना ती पडवीच्या खांबाला हात लावायची आणि ओठांत पावलं मोजायची. एक ते सहा. मग हात पुढे करायची. मी हसून म्हणायची, "मंदे, कायचा खेळ खेळून राह्यली वं?" ती म्हणायची, "खेळ नाई मावशी, पानी पाह्यजे."

मला कळायला हवं होतं. कळलं नाही असंही नाही. थोडं कळलं होतं. पण ते माझं काम नव्हतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट असेल. त्या खेपेत जामकडची एक मुलगी होती, शालिनी. बाप गवंडी. घरात चालायचं मोठ्या भावाचं, आणि भावाने तिला सांगून ठेवलं होतं, "एक डाव फी भरली. पास झाली त नोकरी कर, नाई झाली त लग्न." दुसरी संधी नव्हती. ती अंगाने लहान होती, आणि पाठाला उभी राहिली की पहिली दोन वाक्यं तिच्या घशात अडकत. सराव पाठांचे प्रमुख झाडे सर तिच्या वहीत दर वेळी एकच लिहीत : आवाज वाढवा. झाडे सर कडक होते, पण कामचुकार नव्हते. विद्यालयाचा निकाल त्यांच्या डोक्यावर असे आणि ते तो डोक्यावर घेऊनच चालत.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी कुलूप घेऊन तिसरीच्या वर्गाशी आले, तर ही टाटपट्टीवर मांडी घालून बसलेली. मग उठली, दोन हात सरकली, पुन्हा बसली.

"काय वं बाई, काई हरपलं काय?"

"नाई मावशी. कुठून काय दिसते ते पाहून राह्यली. पोरं जिथं बसतात तिथून." मग म्हणाली, "फळ्यावर काई लिहा न."

"मी? मी कायले लिहू?"

"तुमचं नाव लिहा."

अकरा वर्षं मी तो फळा पुसला होता. त्यावर खडू कधी टेकवला नव्हता. मी लिहिलं, अनसूया. खडू हातात कचकचला, पण लिहिलं.

"अक्षर त चांगलं हाय तुमचं," ती जागेवरून म्हणाली. "पन इथून नाई दिसत. खिडकीचा उजेड फळ्यावर चमकते. ही जागा कोनाची?"

जागा मंदाची होती.

दुसऱ्या दिवशी शालिनीने तिला जागा बदलून दिली, तरी पाटी तशीच. मग सुट्टीत तिने मला वर्गाच्या दारात उभं केलं आणि मंदाला फळ्याजवळ. मला म्हणाली, "मावशी, हात वर करा. मंदा, सांग बरं, मावशीनं किती बोटं दाखवली?"

मी तीन बोटं धरली होती. आमच्यात दहा-बारा पावलांचं अंतर असेल.

मंदा म्हणाली, "मावशी कुठी हाय?"

 शालिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "हे पोट्टी ढ नाई मावशी. इले दिसत नाई. तीन वर्सं झाली शाळेत येऊन राह्यली, कोनालेच कसं नाई समजलं?"

मी सहा पावलांचं काही बोलले नाही.

ती तशीच झाडे सरांकडे गेली. मी फळा पुसण्याच्या निमित्ताने दाराशी होते, सगळं ऐकलं.

सर म्हणाले, "चांगलं लक्षात आलं तुमच्या. पण वार्षिक पाठ परवा आहे. तो होऊ द्या, मग आईला बोलावू, डोळे दाखवून आणायला सांगू."

"सर, माझ्या पाठाला ती वर्गात बसेल. पुढच्या रांगेत."

"परीक्षक फळ्यावरचं वाचायला सांगतील. ती वाचणार कशी?"

"तिला ऐकून सगळं येतं. मी तोंडी विचारीन."

"आणि परीक्षकांनी विचारलं तर? गुण जातील तुमचे."

"जाऊ द्या, सर."

"गुण तुमच्या एकटीचे नसतात, बाई," सर म्हणाले. "निकाल विद्यालयाचा असतो. शिक्षकाने भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये."

ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "मावशी, परवा मंदाले न्यायचं नाई. कोनी काई म्हनो. ती माह्या वर्गात बसन."

मी म्हटलं, "बरं."

परीक्षक येणार म्हणून शाळेला चुना देणं चाललं होतं. पुढची बाजू झाली होती, मागची भिंत राहिली होती. वार्षिक पाठाच्या सकाळी मोठ्या बाई म्हणाल्या, पाण्याची सोय परीक्षकांच्या नजरेत आली पाहिजे. म्हणून मी आणि चुना देणाऱ्याने मिळून पडवीतला रांजण पुढच्या व्हरांड्यात नेला. वर घासलेलं झाकण ठेवलं, पाणी काढायचं ओगराळं ठेवलं. पडवीत रांजणाची जागा रिकामी झाली. तिथे सावली असते. चुना देणाऱ्याने आपला भिजवलेल्या चुन्याचा अर्धा कापलेला ड्रम तिथे सरकवला आणि तो चहाला गेला. चुना तळाशी बसला होता. वरचं पाणी नितळ दिसत होतं.

मी ते पाहिलं. माझ्या वर्गातली पाच पोरं आली होती, त्यांना बजावलं, "त्या ड्रमाले हात लावू नोका. चुना हाय, हात भाजते." पोरांनी माना हलवल्या. मंदा तिथे नव्हती. ती तिसरीच्या वर्गात पुढच्या रांगेत बसली होती, शालिनीने बसवली तशी.

तेवढ्यात झाडे सर पडवीत आले. त्यांनी पोरं मोजली.

"सहावी कुठे आहे?"

"सर, शालिनीबाई नको म्हनल्या."

"मावशी, तिला आणा."

मी उभी राहिले.

सर हळू आवाजात म्हणाले, "तुमची कायम होण्याची ऑर्डर मोठ्या बाईंच्या टेबलावर आहे. अकरा वर्षं थांबलात. आज मला बोलायला लावू नका."

माझा नवरा जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. घरात दोन पोरी. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय होतं ते सांगते.

मी वर्गाशी गेले. शालिनी पाठमोरी होती, फळ्याच्या कडेला चित्र टाचत होती. मी दारातून मंदाला हात केला. मग लक्षात आलं की हिला हात दिसणार नाही. आत गेले आणि तिचा दंड धरला. ती उठेना.

"मावशी, बाईनं बसाले सांगतलं."

"चाल. सुकडी देतो."

"मले नाई पाह्यजे सुकडी. मी आज वर्गात हावो."

मी ओढली. मागच्या दाराशी पोचलो तेव्हा शालिनी वळली. तिने आम्हाला पाहिलं. तिने तोंड उघडलं आणि नेमके त्याच वेळी पुढच्या दारातून परीक्षक आत आले, मागे झाडे सर. मुलं उभी राहिली. शालिनीची पहिली वाक्यं अडकायची तशी अडकली. मी मंदाला घेऊन गेले.

पडवीत मी सहाही जणांना सुकडी वाटली. मग परीक्षकांच्या चहाचं पाहायला गेले. ड्रमाचं पुन्हा सांगितलं नाही. एकदा सांगून झालं होतं ना, माझ्या डोक्यात ते सगळ्यांना सांगून झालं होतं.

मंदाने सुकडी खाल्ली. मग खांबाला हात लावला, सहा पावलं मोजली आणि हात पुढे केले. वाकून खोलवर ओंजळ भरली आणि शिस्तीने तोंडावर मारली. हे मी पाहिलं नाही. एका पोरीने नंतर सांगितलं. ती म्हणाली, "आमाले वाटलं तिले दिसते."

मी किंकाळी ऐकली. धावले, तर मंदा खाली पडून दोन्ही मुठींनी डोळे चोळत होती. तोंड पांढरं झालं होतं. मी काय केलं, तर पदर घेतला आणि तिचे डोळे पुसू लागले. जोरजोरात पुसले.

"पुसू नोका! मावशी, पुसू नोका, चुना घासते!"

शालिनी आली होती. पाठ सोडून आली होती. तिने मला बाजूला लोटलं, पोरीला उचललं आणि विहिरीच्या जोत्यावर नेऊन आडवं केलं. गवंड्याची पोर ती, चुना काय करतो ते तिला लहानपणापासून ठाऊक. "बकेट ओढा! अजून! थांबू नोका!" मी पाणी ओढत होते आणि ती ओतत होती. मंदाच्या पापण्या तिने बोटांनी फाकवून धरल्या होत्या. पोर लाथा मारत होती, चावत होती. पाठाला उभी राहिली की जिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नसे, तिचा आवाज त्या दिवशी रस्त्यापर्यंत गेला.

परीक्षक भला माणूस होता. त्याने आपली जीप दिली. शालिनी मंदाला मांडीवर घेऊन बसली, पायाशी बकेट ठेवली आणि सेवाग्रामच्या दवाखान्यापर्यंत पाणी ओतत गेली. जीप दिसेनाशी झाल्यावर मी वर्गात डोकावले. अठ्ठावीस पोरं हाताची घडी घालून बसली होती. चित्र एका टाचणीवर लोंबत होतं. एका पोराने विचारलं, "मावशी, बाई आता येत नाई काय? गृहपाठ राह्यला."

मंदाचा उजवा डोळा गेला. डाव्यात उजेड-अंधार आणि माणसाची सावली एवढं राहिलं. डॉक्टर म्हणाले, इतका वेळ पाणी ओतलं म्हणून तेवढं तरी वाचलं. आणि म्हणाले की आधी जे कमी दिसत होतं, ते बहुतेक चष्म्याने भागलं असतं.

मग चौकशी लागली. शालिनीचा पाठ अर्धा राहिला होता. अपघातामुळे राहिला असं ठरलं असतं, तर तिला पुन्हा पाठ देता आला असता. त्यासाठी एवढंच लागत होतं की मंदा बाहेर कशी गेली ते कोणीतरी खरं सांगायचं. ते सांगितलं तर रिवाज उघडा पडत होता. आणि मंदा आपली आपण उठून गेली असं म्हटलं, तर शालिनीला वर्ग सांभाळता येत नाही असा अर्थ होत होता.

पाहणारी मी एकटी होते. पोरांना कोण विचारतं? शालिनीने आपलं सांगितलं. सर म्हणाले, तिला पास व्हायचं आहे, ती असंच सांगणार.

झाडे सरांनी माझा जबाब स्वतःच्या हाताने लिहून आणला. त्यात होतं की सदर विद्यार्थिनी पाठ चालू असताना आपण होऊन वर्गातून उठून बाहेर आली, छात्राध्यापिकेचे तिच्याकडे लक्ष नव्हते, व मी त्या वेळी चहाच्या कामात होते. खाली लिहिलं होतं, वरील जबाब मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे. मला अंगठा द्यावा लागत नव्हता. मला वाचता येत होतं. मी दोनदा वाचला आणि सही केली. बाकीच्या शिपायांसारखी अंगठेबहाद्दर असते तर आज म्हणता आलं असतं की मला काय माहीत काय लिहिलं होतं.

शालिनीला नापास केलं. शेऱ्यात लिहिलं, वर्गनियंत्रणाचा अभाव. भाऊ येऊन तिची पेटी घेऊन गेला. पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न झालं.

माझी ऑर्डर आली.

पंधरा-वीस दिवसांनी कौसा शाळेत आली. मला वाटलं भांडायला आली. ती मंदाची पाटी परत द्यायला आली होती, पाटी शाळेची होती ना. मी म्हटलं, "राहू दे वं घरी." ती म्हणाली, "कायले? शाळेत धाडली तवा तिले थोडं त दिसत होतं." आवाज चढवला नाही. पाटी ओट्यावर ठेवली आणि जिनिंगचा भोंगा व्हायच्या आत गेली.

मावशीचा वर्ग त्यानंतर बंद झाला असं कोणाला वाटेल. नाही झाला. झाडे सर बदलून जाईपर्यंत चार वर्षं चालला आणि मीच चालवला. फरक एवढाच की दर वर्षी जुलैमध्ये मी ढ म्हटलेल्या पोरांना खांबाशी उभं करायची आणि लांबून बोटं दाखवायची. काही पोरं तशी सापडली. वर्गशिक्षकांना सांगितलं. कोणाला चष्मा लागला, कोणाच्या घरच्यांनी ऐकलं नाही. नव्या खेपेतल्या पोरापोरींना सांगायची, "फळ्याजवळ उभं राहण्याआधी एकदा टाटपट्टीवर बसून पहा." बहुतेक हसत. मावशी आता अध्यापनपद्धती शिकवते म्हणत. दोन-चार जण बसले. हे मला कोणी शिकवलं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

सात-आठ वर्षांनी समुद्रपूरला एका लग्नाला गेले होते. येताना जामला एस.टी. बदलायची होती. नाक्यावर भज्यांच्या दुकानातून कोणीतरी हाक मारली, "मावशी!" कढईपाशी शालिनी. अंगाने भरली होती, हातावर तेलाचे डाग.

तिने पहिलं विचारलं, "मंदा कुठी असते?"

"आईसंग. हंगामात कापूस येचाले जाते. हातानं चाचपून येचते."

"कोनी शिकोते काय तिले काई?"

"नाई."

ती भजी उलटवत राहिली. मग म्हणाली, "ऐकून तिले सारं येत होतं. कोनी नुसतं वाचून दाखवलं असतं तरी झालं असतं."

तिने मला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. गिऱ्हाईक गेल्यावर कढईकडे बघतच म्हणाली, "तुमचा जबाब सरांनं मले दाखवला होता. सही पाह्यल्याबरोबर वळखली. फळ्यावर पाह्यली होती न."

"मले ऑर्डर पाह्यजे होती," मी म्हटलं.

"मालूम हाय मले. तुमच्या दोन पोरी होत्या."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी माफी मागितली नाही. माझी गाडी लागली. ती परत कढईकडे वळली. समोर नाक्यावरच्या शाळेची पोरं भज्यांसाठी उभी होती. तिने तेल उडतं आहे म्हणून त्यांना जरा मागे सरकायला सांगितलं.

संपादक बाईंनी विचारलं होतं, चांगला शिक्षक कसा असतो. एवढ्या वर्षांत मी एकच पुरता पाहिला. ती शिक्षक झाली नाही, आणि त्या कागदावर माझी सही आहे. झाडे सर वारले, कौसा वारली. तो कागद कुठल्या कपाटात असेल तर असो. माझ्याकडे आता कायम व्हायचं काही राहिलेलं नाही. म्हणून त्या जबाबाच्या जागी हा घ्यावा.

मी, अनसूया, चौथी पास, त्या वेळची शिपाईण, जबाब देते की मंदा आपण होऊन वर्गातून उठली नाही. तिला मी दंड धरून बाहेर नेलं. तिला नेऊ नये असं शालिनीबाईंनी मला आधी सांगितलं होतं आणि मी बरं म्हटलं होतं. नेण्यास झाडे सरांनी सांगितलं. रांजण मी हलवला. ती पावलं मोजून पाण्याकडे जाते हे मला ठाऊक होतं. ड्रमाचं मी पाच मुलांना सांगितलं, सहाव्या मुलीला सांगितलं नाही. शालिनीबाईंचं वर्गनियंत्रण चांगलं होतं. मंदा जागची उठायला तयार नव्हती.

वरील जबाब मी वाचून पाहिला. तो बरोबर आहे.